पोडावरची लेकरं अंगणवाडीत गप्प का बसतात?

पत्र असं आहे:

"ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, अंगणवाडी सेविका आहे. माझं माहेर-सासर दोन्ही मराठी. पटावर १९ मुलं आहेत. त्यांतली १४ कोलाम, ३ गोंड आणि २ जवळच्या बंजारा तांड्यावरची. दीड वर्ष झालं, मी गाणी घेते, चित्रं दाखवते, पण कोलाम मुलं तोंडच उघडत नाहीत. तीच मुलं बाहेर चिंचेखाली गेली की त्यांची टकळी थांबत नाही. मदतनीस पोडावरचीच आहे, तिच्याशी ती कोलामीत बोलतात. पालक म्हणतात, 'बाई, आमच्या लेकरायले मराठी शिकवा. कोलामी त आमी घरी बोलतोच.' पर्यवेक्षिका मॅडम म्हणतात, ६ मुलं पुढच्या वर्षी पहिलीत जाणार, त्यांना मराठी आलीच पाहिजे. म्हणून मी मदतनीसला सांगून टाकलं की केंद्रात कोलामी बोलायचं नाही. तेव्हापासून मुलं आणखीच गप्प झाली, दोघांनी तर येणंच सोडलं. माझं चुकतंय का? मला स्वतःला कोलामी येत नाही. आता या वयात शिकू का?"

प्रिय ताई,

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगते. हो, चुकतंय, आणि कुठे चुकतंय ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. मदतनीसताईंना केलेली मनाई. ती उद्या सकाळी केंद्र उघडताना मागे घ्या. त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगू नका. मुलांच्या समोर, मोठ्यानं सांगा की आजपासून मुलांशी कोलामीत बोला. मुलांनाही ते ऐकू येऊ द्या.

इतकं ठाम बोलते, कारण हीच मनाई मीही केली होती. मी पर्यवेक्षिका असताना माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या केंद्रांत, काही कोलाम पोड येत. भेटीला गेले की प्रत्येक केंद्रात बजावून यायची, "केंद्रात मराठीच बोलायचं, घरी काय ते बोला." एका एप्रिलात अशाच एका केंद्रावर गेले. सकाळचे अकरा वाजले होते, वरचा पत्रा तापला होता. नव्यानं यायला लागलेली तीनेक वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बघून "ईर, ईर" करत होती. मी तक्ता घेऊन बसले होते. माठाच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "ईर." मी म्हटलं, "ईर नाही बाळा, पाणी. म्हण, पा-णी." ती रडायला लागली. मान वर करून पाहिलं तर मदतनीस दाराशी भरलेला पेला हातात धरून उभी होती. पुढे यावं की नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होती.

कोलामीत ईर म्हणजे पाणी. पोरीला तहान लागली होती. तिनं पाणी मागितलं, वर माझ्या प्रश्नाचं बरोबर उत्तरही दिलं, आणि मी तिला चूक ठरवलं. मदतनीसला सगळं कळत होतं, पण तहानलेल्या लेकराला पाणी द्यायलाही ती माझ्या परवानगीची वाट बघत होती, कारण तो धाक मीच घातला होता. याला खूप वर्षं झाली. तो पेला मला अजून दिसतो.

तुमची मुलं मुकी नाहीत. चिंचेखाली ती बोलतात, हे तुम्हीच पाहिलं आहे. चार वर्षांचं कोलाम लेकरू कोलामीत हट्ट करतं, भांडतं, आजीला फसवतं, काल वावरात काय झालं ते आज सांगतं. आधी काय, नंतर काय, कशामुळे काय झालं, हे त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. पुढे वाचायला शिकताना याचाच आधार लागतो. अर्थ ठाऊक असलेला शब्द कागदावर दिसला की वाचणं म्हणजे काय ते लेकराला उमगतं. अर्थच ठाऊक नसेल तर उरतं ते घोकणं. घोकत घोकत चौथी-पाचवीपर्यंत गेलेली मुलं मी आश्रमशाळांत पाहिली आहेत. धडा घडाघडा म्हणतात, आणि त्यात काय झालं विचारलं की खाली बघतात. वाचनाचं मर्म एका भाषेत उमगलं की दुसऱ्या भाषेसाठी ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. अक्षरं तीच देवनागरी, नवे असतात ते शब्द.

पालकांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. बाजार मराठीत, तहसील मराठीत, कापसाचा काटा मराठीत. नीट मराठी न आल्यानं दवाखान्यात, बँकेत ज्यांनी हिडीसफिडीस सोसली, ते लेकरासाठी मराठी मागतात यात काहीच वावगं नाही. "आपली भाषा जपा" असं भाषण त्यांना तुम्ही-आम्ही देऊ नये. तो अधिकार आपला नाही. त्यांना शब्द द्या की मराठी येईल, मीच शिकवणार आहे, पण रस्ता कोलामीतून जातो.

नुसतं सांगून हे पटणार नाही. पुढच्या पालक सभेत एक करा. मोबाइलवर मल्याळममधली एखादी लहान मुलांची गोष्ट दोन मिनिटं ऐकवा आणि मग विचारा, गोष्टीत काय झालं? आधी हसतील. पुन्हा ऐकवा, पुन्हा विचारा, थोडं दरडावून विचारा. सगळे गप्प होतील. मग सांगा की तुमचं लेकरू माझ्यासमोर रोज असंच बसतं. मी हे दोन पोडांवर केलं. एका बापानं तिथंच मान डोलावली आणि म्हणाला, "म्हून रडते ते."

आणखी एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगा. हल्ली थोडं शिकलेले आईबाप लेकराशी घरीही मराठीतच बोलायला लागलेत, शाळेत मागे पडू नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण आई स्वतः ज्या भाषेत अडखळते त्या भाषेत लेकराला गोष्ट सांगत नाही, अंगाई म्हणत नाही, नुसत्या आज्ञा देते. "बस", "खा", "चूप". मग लेकराकडे ना भरलेली कोलामी राहते ना भरलेली मराठी. घरी जी भाषा तोंडातून सहज निघते तीच बोला, भरपूर बोला, एवढंच आयांना सांगा.

आता केंद्रात काय करायचं. सकाळचा पहिला अर्धा तास मदतनीसताईंचा. मुलं गोल बसतील, त्या कोलामीत विचारतील, काल काय केलं, कोण वावरात गेलं, बकरीला पिल्लू झालं का. त्या अर्ध्या तासात खिचडीकडे तुम्ही बघा. हे मुद्दाम लिहिते आहे. मदतनीसताईंचं मानधन तुमच्यापेक्षा कमी आहे. शिकवण्याचं काम त्यांच्याकडून घ्यायचं आणि झाडू-भांडी-चूलही त्यांच्याच गळ्यात, हे अन्यायाचं होईल. शिवाय सेविकाबाई चुलीपाशी आणि पोडावरची बाई शिकवायला बसलेली, हे दृश्य लेकरांच्या डोळ्यांनाही काही शिकवून जातं.

गोष्टीचं असं करा. एकच गोष्ट तीन दिवस घ्या. पहिल्या दिवशी मदतनीसताई ती कोलामीत सांगतील, हातवारे करून. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट कोलामीतच, पण पाच-सहा चित्रं समोर ठेवून, आणि मुलांकडून थोडीथोडी वदवून घेत. तिसऱ्या दिवशी तीच चित्रं घेऊन तुम्ही मराठीत सांगा, सोपी छोटी वाक्यं, सावकाश. मुलांना गोष्ट ठाऊक असते, म्हणून मराठी शब्दांचा अर्थ आपोआप बसत जातो. तुम्ही मुद्दाम एखादं चित्र चुकवलंत तर ती तुम्हाला थांबवतील. ज्या दिवशी थांबवतील त्या दिवशी मराठी सुरू झाली असं समजा.

एक वाक्य कोलामीत आणि लगेच तेच मराठीत, असं मात्र करत जाऊ नका. वरवर बरं वाटतं, पण मुलं हुशार असतात. आपल्या भाषेतलं वाक्य येणारच आहे हे कळलं की मराठीकडे लक्षच देत नाहीत. दोन्हीच्या वेळा वेगळ्या ठेवा. गोल बसून गप्पा आणि नवी गोष्ट कोलामीत. हात धुणं, ताटं मांडणं, रांगेत उभं राहणं, मैदानातले खेळ मराठीत. "हात धू", "ताट आण", "उडी मार" हे मराठी अंगाच्या हालचालीसोबत येतं, त्याला भाषांतर लागत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत आया पहाटेच वावरात जातात आणि लेकरं आजीपाशी असतात. त्या आज्यांना आठवड्यातून एकदा बोलवा. कोलामांच्या हातात बांबूकाम आहे. आजी किंवा आजोबा टोपली विणत बसले तर कोणती कामटी वरून, कोणती खालून, हे बघता बघता मुलं लांब-आखूड, वर-खाली, आत-बाहेर सगळं कोलामीत म्हणतात. शाळेच्या भाषेत यालाच पूर्वतयारी म्हणतात. मोहफुलं वेचायच्या दिवसांत फुलांचे ढीग करून मोजा, नाहीतर चिंचोके आहेतच. दिवाळीच्या सुमारास दंडारीच्या नाचाची गाणी होतात, त्यातलं एखादं लेकरांना पेलेल असं कडवं मोठ्यांना विचारून केंद्रात घ्या.

पहिलीत जाणाऱ्या ६ मुलांची काळजी वेगळी. त्यांच्यासाठी उन्हाळ्याआधीचे चार महिने मराठी बोलण्याचा वेळ वाढवत न्या. अक्षरओळख 'अ अननसाचा'पासून नको. अननस तिथं कुणी पाहिलाय? मुलांच्या नावांपासून सुरुवात करा. नाव कोलामीतही तेच आणि मराठीतही तेच. प्रत्येकाच्या नावाची पाटी करा, हजेरीला ज्याची त्यानं उचलायची. नंतर ओळखीच्या वस्तूंवर कोलामी शब्द देवनागरीत लिहून लावा. कोलामीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे आहेत आणि मराठीच्या नेहमीच्या देवनागरीत ते नीट दाखवता येत नाहीत, म्हणून लिहिताना अडायला होईल. अडू नका. मदतनीसताईंना वाचून दाखवा, त्यांना ओळखू आलं की पुरे.

मुलं मराठी बोलायला लागली की चुका करतील. त्या चुका ओळखायला शिका, कारण त्या बावळटपणाच्या नाहीत. कोलामीत क्रियापदाचं एक रूप पुरुषासाठी आणि दुसरं बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे बाई, जनावर, वस्तू यांना एकच. मराठीत मात्र आला, आली, आलं असे तीन फाटे. मग पोर म्हणतं, "माय आलं." तसंच कोलामीच्या मूळ शब्दांत ख, घ, ध, भ असे हकार मिसळलेले उच्चार नसतात, म्हणून भाकरीची बाकर होते. कोलामी द्राविड कुळातली भाषा आहे, गोंडी आणि तेलुगूची बहीण. मराठीचं कूळ वेगळं. तेव्हा "माय आलं" ऐकून टोकू नका. "हो का, माय आली?" असं म्हणून पुढे बोलत राहा. बरोबर रूप कानावर पडत गेलं की ते जिभेवर येतं. आणि ही बोली आहे, हिला काही व्याकरण नाही, असं कुणी म्हटलं तर सांगा की एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं लिहिलेलं कोलामीचं व्याकरण १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठानं छापलं आहे.

पर्यवेक्षिका मॅडमची भीती मला कळते. मी त्याच खुर्चीत होते, मलाही वरून विचारणा होत असे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कागद दाखवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वय ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे तुमची अंगणवाडी आणि शाळेची पहिली-दुसरी एका माळेत आली. शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावं, असं त्यात लिहिलं आहे. २०२२ मध्ये पायाभूत टप्प्यासाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही लहान मुलांना शिकवण्याची मुख्य भाषा घरचीच हवी असं सांगितलं आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २९ म्हणतं की शिक्षणाचं माध्यम व्यवहार्य असेल तेवढं मुलाची मातृभाषा असावं. त्याही आधी, १९५६ पासून, राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी, असं ते राज्यांना सांगतं. तुम्ही नियम मोडत नाही आहात. तुम्ही तो पहिल्यांदा पाळता आहात.

कागदासोबत एक वही ठेवा. तारीख, मुलाचं नाव, आज कोलामीत काय बोललं, मराठीत काय बोललं, दोन ओळींत. पोषण ट्रॅकर ॲप भरून हात दुखतात हे मला ठाऊक आहे, म्हणून रोज फक्त दोन मुलांचं लिहा. तीन महिन्यांनी ती वही मॅडमसमोर ठेवा. मराठीत कविता म्हणून दाखवण्यापेक्षा ती वही जास्त बोलेल.

कोलामीतलं पुस्तक वरून येईल, मग सुरू करू, असं म्हणत थांबू नका. २०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सुमारे १ लाख २८ हजार नोंदले गेले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत, २२ भाषा आहेत. संथाळीनं २००३ मध्ये तिथं जागा मिळवली. कोलामी, गोंडी, कोरकू तिथं नाहीत. एवढ्याशा भाषेसाठी शासनानं काही करावं असं मला मनापासून वाटतं, आणि करता येतं हेही खरं. ओडिशानं २००६-०७ मध्ये १० आदिवासी भाषांत पहिलीचे वर्ग सुरू केले आणि पुढे ही संख्या २१ वर नेली. आपल्याकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी शाळा काढली. मान्यतेसाठी तिला झगडावं लागलं, तरी गाव मागे हटलं नाही. तुमचं पोड पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या भागात, असेल तर तुमच्या ग्रामसभेतही हा विषय मांडता येईल. चित्रकार्डं, आज्यांच्या गोष्टींची छोटी पुस्तकं, यासाठी अबंध निधीतून, म्हणजे गावानं स्वतः ठरवून खर्चायच्या पैशातून, काही मिळतं का ते विचारा. बोलायला मात्र पोडावरच्या कुणाला तरी उभं करा, पोडाचे प्रमुख असलेल्या नाईकांना किंवा एखाद्या आईला. तुम्ही मागे बसा.

गोंड आणि तांड्यावरच्या ५ मुलांना विसरू नका. कोलामी मुलांचं ऐकता ऐकता ती गप्प पडायला नकोत. पोडाशेजारच्या गोंड मुलांना बहुधा थोडी कोलामी येत असेल, तरी त्यांच्या आईला बोलावून महिन्यातून एक-दोनदा गोंडीत गोष्ट होऊ द्या. तांड्यावरच्या मुलांसाठी त्यांच्या बंजारा भाषेत, गोरबोलीत, तसंच. परिपूर्ण व्हायची गरज नाही. आपली भाषा या घरात चालते, हे प्रत्येक लेकराला कळलं पाहिजे.

ज्या दोघांनी येणं सोडलं, त्यांच्या घरी मदतनीसताईंना घेऊन जा, आणि आधी त्यांनाच बोलू द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. शिका ना! या वयात का नाही? १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे गडचिरोलीतल्या हेमलकशाला गेले तेव्हा त्यांना तिथल्या आदिवासींची माडिया भाषा येत नव्हती. रोग्याला कुठे दुखतंय हे कळायला त्यांना ती शिकावी लागली. तुमचंही काम तसंच आहे. ज्या नावाखाली आपण नोकरी करतो ते अंगणवाडी हे नाव बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या कामातून आलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी केलं. अंगणात गेल्यावर अंगणातली भाषा आलीच.

व्याकरण नको, वाक्यंही नंतर. आधी लेकराला जे मागावं लागतं ते शब्द घ्या. भूक, शी, शू, दुखतंय, भीती वाटते, आई कुठाय. आठवड्याला दहा शब्द. पोडागणिक उच्चार थोडा बदलतो, म्हणून पुस्तकातून न घेता तुमच्या मुलांच्याच तोंडून घ्या आणि म्हणून दाखवा. तुमचा उच्चार ऐकून ती हसतील, मग तुम्हाला शिकवायला लागतील.

पहिला शब्द तुम्हाला मिळालाच आहे. बाकीचे उद्या सकाळी मदतनीसताईंना विचारा.

तुमची ताई